ओळखीचा उमेदवार, अनोळखी कारभार

“आमच्याच पाड्यावरचा आहे तो. सकाळ-संध्याकाळ दिसतो. त्याची आणखी कसली माहिती काढायची?”

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. लोकसभेचा उमेदवार आपल्याला बॅनरवर भेटतो. गावच्या उमेदवाराचं घर, भावकी, शेत, स्वभाव सगळं आपल्याला ठाऊक असतं. पण पाच वर्षं ग्रामपंचायतीचे पैसे, ठराव आणि समित्या त्याच्या हाती द्यायच्या, तर एवढी ओळख पुरते का? या प्रकरणात त्याचंच उत्तर शोधू. उदाहरणासाठी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातलं वांगणी गाव समोर ठेवू.

1. वांगणीच का?

वावर आणि वांगणी या गावांची नावं जोडीनेच घेतली जातात. 1992-93 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने ती ऐकली, तेव्हा बातमी भयंकर होती. वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने आणि त्यातून आलेल्या आजारांनी शंभराहून अधिक बालकं दगावली होती. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत हे घडावं याचा राज्याला धक्का बसला. मंत्री आले, अधिकारी आले आणि त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय झालं.

त्याच सुमारास दिल्लीत आणखी एक गोष्ट घडत होती. 24 एप्रिल 1993 रोजी 73वी घटनादुरुस्ती अमलात आली. ग्रामपंचायतींना घटनेचा आधार मिळाला आणि दर पाच वर्षांनी निवडणूक घेणं बंधनकारक झालं. गावाच्या पाण्याची, आरोग्याची आणि मुलांची काळजी आता फक्त तालुक्याच्या साहेबांवर उरली नाही. गावाने निवडून दिलेल्या माणसांवरही ती आली.

या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की गावच्या निवडणुकीचं मोल कळतं. अंगणवाडीत बाळाचं वजन दर महिन्याला घेतलं जातं का, पाड्यावरची विहीर उन्हाळ्यात टिकते का, पावसात बाळंतिणीला दवाखान्यात नेता येईल असा रस्ता आहे का, यातल्या बऱ्याच गोष्टी गावच्या कारभारावर अवलंबून असतात. म्हणून कारभारी निवडण्याआधी चौकशी करायची.

2. आपण नेमकं कोणाला निवडतो?

माहिती काढण्याआधी कोणत्या पदासाठी मत देतो आहोत ते स्पष्ट हवं. ग्रामीण भागातला मतदार स्थानिक कारभारासाठी तीन ठिकाणी माणसं निवडतो.

पहिली ग्रामपंचायत. गावाचे प्रभाग पाडलेले असतात आणि एका प्रभागात बहुधा दोन-तीन जागा असतात. जितक्या जागा तितकी मतं, शिवाय सरपंचासाठी एक वेगळं मत. सरपंच थेट मतदारांनी निवडायची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आली. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. उमेदवार पॅनेल करून उभे राहतात आणि चिन्हं राज्य निवडणूक आयोग देतो.

दुसरी पंचायत समिती आणि तिसरी जिल्हा परिषद. गणातून पंचायत समितीचा सदस्य आणि गटातून जिल्हा परिषदेचा सदस्य निवडला जातो. या दोन्ही निवडणुका पक्षचिन्हांवर होतात. जव्हार शहरासारख्या ठिकाणी नगरपरिषद असते.

या सगळ्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभा आणि लोकसभेच्या निवडणुका घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा. मतदार यादी मात्र विधानसभेचीच वापरली जाते आणि ती प्रभागवार विभागली जाते. म्हणून आपलं नाव आपल्याच प्रभागात आलं आहे का, हे प्रारूप यादी लागते तेव्हाच पाहावं. मतदानाच्या दिवशी चूक सापडली तर उपयोग नसतो.

वांगणीसारख्या गावात आणखी एक नियम लागू होतो. जव्हार आणि शेजारचा मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे 1996 चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा कायदा, आणि त्याखालचे महाराष्ट्राचे 2014 चे नियम चालतात. पूर्ण अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतीचं सरपंचपद अनुसूचित जमातीच्या व्यक्तीसाठीच राखीव असतं. राज्यात पंचायतींमधल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.

सरपंचपदाच्या या आरक्षणाचा अर्थ नीट समजून घ्यावा. सरपंचपदाला उभा राहणारा प्रत्येक जण आदिवासी असणारच. मग “आपल्यातला आहे” एवढ्याने दोन उमेदवारांत फरक करता येत नाही. तेव्हा लोक आणखी बारीक वाटण्या करतात. वारली की कोकणा, ठाकूर की महादेव कोळी, वरच्या पाड्याचा की खालच्या पाड्याचा. कातकऱ्यांची घरं थोडी असली तर त्यांना कोणी विचारतही नाही. या वाटण्यांतून उमेदवाराच्या कामाबद्दल काहीच कळत नाही. ते कळायला वेगळी वाट धरावी लागते.

3. चौकशी कशाची करायची?

मुलीसाठी स्थळ आलं की आपण काय करतो? मुलगा देखणा आहे, बोलायला गोड आहे एवढ्यावर होकार देत नाही. त्याच्या गावात ओळखीचं कोण आहे ते शोधतो. शेजारी काय म्हणतात ते ऐकतो. कर्ज आहे का, व्यसन आहे का, शब्दाला जागतो का, हे चार ठिकाणी विचारून घेतो. उमेदवाराची चौकशीही अशीच चार बाजूंनी करायची असते.

पहिली बाजू, कायद्याने तो उभा राहू शकतो का. दुसरी, स्वतःबद्दल त्याने लिहून काय दिलं आहे. तिसरी, पूर्वी सत्तेत असेल तर दप्तर त्याच्याबद्दल काय सांगतं. चौथी, समोरासमोर विचारल्यावर तो काय उत्तर देतो. एकेक बाजू पाहू.

4. पहिली बाजू: पात्रता

ग्रामपंचायतीचा उमेदवार किमान 21 वर्षांचा आणि मतदार यादीत नाव असलेला हवा. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला किमान सातवी उत्तीर्ण असणं आवश्यक आहे. त्याआधी जन्मलेल्यांना ही अट नाही. त्यामुळे शाळेचं तोंड न पाहिलेली, पण गाव जाणणारी वयस्कर बाईही उभी राहू शकते.

अपात्रतेची काही कारणं गावाला डोळ्यांनी दिसणारी असतात. 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त झालेली अपत्यं, सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण, बिल मिळूनही मुदतीत न भरलेला ग्रामपंचायतीचा कर, घरी शौचालय नसणं किंवा असून न वापरणं, आणि ग्रामपंचायतीच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असणं.

उमेदवारी अर्जांची छाननी ठरलेल्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे होते. हरकती तिथेच नोंदवल्या जातात. चौकात कुजबुज करून काही होत नाही, हरकतीला कागद लागतो. कराच्या थकबाकीसाठी नमुना 9, म्हणजे कर मागणीची नोंदवही. घराच्या नोंदीसाठी नमुना 8, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. शंका असेल तर हे उतारे आधी मागून ठेवावेत. पण एखाद्याला नुसता त्रास द्यायला हरकत घेऊ नये. कायदा गावाच्या रक्षणासाठी आहे, भावकीचा जुना हिशेब चुकवायला नाही.

5. दुसरी बाजू: शपथपत्र

उमेदवार अर्जासोबत आपली माहिती शपथेवर लिहून देतो. शिक्षण, मालमत्ता, कर्ज, सरकारी देणी आणि गुन्ह्यांची माहिती त्यात असते. ही माहिती पाहण्याचा हक्क मतदाराला सहज मिळालेला नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी 1999 मध्ये न्यायालयात दाद मागितली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2002 रोजी निकाल दिला की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. तो खटला संसद आणि विधिमंडळांच्या निवडणुकांचा होता. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने हीच शपथपत्राची पद्धत स्थानिक निवडणुकांना लागू केली.

हे शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहायला मिळतं. जव्हारला बाजाराला गेलेल्या कोणीही तासभर काढून ते वाचावं, मोबाइलवर फोटो घ्यावा आणि गावात चार जणांना दाखवावा.

ते वाचायचं कसं? एक कल्पित उदाहरण घेऊ. एका प्रभागात दोन उमेदवार आहेत. पहिल्याच्या शपथपत्रात एक गुन्हा दिसतो. दुसऱ्याच्या शपथपत्रात गुन्हा नाही. तो मागच्या खेपेला सदस्य होता. तेव्हाच्या शपथपत्रात त्याच्याकडे दोन एकर जमीन आणि मोटारसायकल होती, आता जेसीबी आणि तालुक्याला घर आहे.

घाईने पाहिलं तर पहिला वाईट आणि दुसरा चांगला. आता एकेक प्रश्न विचारा. पहिल्यावरचा गुन्हा कशाचा? पाड्याला टँकर मिळावा म्हणून रस्ता अडवला त्याचा असेल, तर त्याचा अर्थ एक. दारूच्या धंद्याचा किंवा बायकोला मारल्याचा असेल, तर त्याचा अर्थ अगदी वेगळा. दुसऱ्याचा जेसीबी कर्जावर घेतलेला असू शकतो. घर बायकोच्या नोकरीतून झालेलं असू शकतं. तो जेसीबी ग्रामपंचायतीच्या रस्त्याच्या कामावर चालला होता का? चालला असेल तर कोणाच्या नावाच्या बिलावर?

शपथपत्र निकाल देत नाही, पण काय विचारायचं ते सांगतं. शक्य असेल तिथे जुनं आणि नवं शपथपत्र शेजारी ठेवून वाचावं. पाच वर्षांतला बदल एका कागदापेक्षा दोन कागदांत स्पष्ट दिसतो.

6. तिसरी बाजू: ग्रामपंचायतीचं दप्तर

जो आधी सरपंच किंवा सदस्य होता, त्याचा अभ्यास सर्वांत सोपा. त्याचं काम नोंदवलेलं असतं.

आधी पैसा येतो कुठून ते पाहू. घरपट्टी आणि पाणीपट्टी हा गावाचा स्वतःचा पैसा. दुसरा वित्त आयोगाचा. 2021 ते 2026 या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने घातलेली अट सोपी होती. 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली, 40 टक्के गावाच्या इतर गरजांसाठी मोकळी. ग्रामपंचायतीला वर्षात 10 लाख रुपये आले असतील, तर त्यातले 6 लाख पाणी-स्वच्छतेवरच खर्च व्हायला हवे होते. आता आपल्या पाड्याकडे पाहा. एप्रिलमध्ये बायका अजून डोक्यावर हंडे घेऊन ओहोळातल्या डवऱ्यावर जात असतील, तर ते 6 लाख कुठल्या कामावर लागले, हा पहिला प्रश्न.

पेसा गावांना तिसरा पैसाही मिळतो. आदिवासी उपयोजनेतल्या निधीचा 5 टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना द्यायचा निर्णय राज्य सरकारने 2015 मध्ये घेतला. हा अबंध निधी आहे. त्याचं काय करायचं ते ग्रामसभेने ठरवायचं असतं. म्हणून या गावांत ग्रामसभेला बसणं हेच निवडणुकीपूर्वीचं सर्वांत चांगलं निरीक्षण. कोण आराखडा समजावून सांगतो, कोण कोऱ्या कागदावर सह्या घेतो, कोण पाड्यावरच्या बाईला बोलू देतो, हे वर्षभर दिसतं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवायची प्रथा आहे. सभेच्या प्रोसिडिंगमध्ये हजेरी आणि ठराव लिहिलेले असतात.

गावाचा वार्षिक आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशांतून झालेला खर्च केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पाहता येतो. आपली ग्रामपंचायत आणि वर्ष निवडायचं. कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाला बसवलं तर तो काही मिनिटांत शोधून देतो. तिथे विहिरीचं काम पूर्ण दिसतं आणि पाड्यावर विहीर अर्धी असेल, तर मोठी गोष्ट हाती लागली.

जे तिथे मिळत नाही ते माहिती अधिकारात मागता येतं. अर्जाचं शुल्क 10 रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ आहे. उत्तराची मुदत 30 दिवस.

इथे वेळेचं गणित समजून घ्या. 15 जानेवारी 2021 रोजी राज्यातल्या 14 हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान ठरलं होतं. निवडणुकीची नोटीस 15 डिसेंबरला लागली आणि 4 जानेवारी ही माघारीची तारीख होती. म्हणजे नेमके कोण उभे आहेत हे कळल्यावर मतदाराच्या हातात 11 दिवस होते. नोटीस लागल्यावर माहिती अधिकाराचा अर्ज केला असता, तर उत्तर मतदानाच्या आदल्या दिवशी आलं असतं. म्हणून शपथपत्रं त्या 11 दिवसांत वाचायची, पण दप्तर तीन-चार महिने आधीच मागायचं. ग्रामपंचायतीची मुदत कधी संपते हे गावाला आधीपासून ठाऊक असतं.

7. चौथी बाजू: समोरासमोर प्रश्न

नवा उमेदवार असेल तर त्याचं दप्तर नसतं. मग त्याला पाड्यावर बोलवावं आणि विचारावं. प्रश्न मोठे नकोत, नेमके हवेत. वांगणीसारख्या गावासाठी हे पाच पुरे आहेत.

एक. गेल्या वर्षी तुम्ही किती ग्रामसभांना बसलात आणि काय बोललात?

दोन. आपल्या अंगणवाडीत कमी वजनाची मुलं किती आहेत, हे कधी सेविकाताईंना विचारलंत का? 2015 पासून अनुसूचित क्षेत्रात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना आहे. ते जेवण आपल्याकडे रोज शिजतं का?

तीन. पेसाचा निधी पहिल्या वर्षी कशावर खर्च करावा असं वाटतं? का?

चार. तुमचे किंवा घरच्यांचे ग्रामपंचायतीत ठेके आहेत का?

पाच. दिवाळी ते होळी तुम्ही कुठे असाल?

हा पाचवा प्रश्न जव्हार-मोखाड्यात फार महत्त्वाचा. भात, नागली, वरई घरात आली की इथली कुटुंबं जगायला बाहेर पडतात. वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे बांधकामावर जातात आणि होळीला परततात. उमेदवारालाही पोट आहे, तोही जाईल. जाणं हा दोष नाही. पण तेव्हा गावात कोण थांबेल, सभा कशी होईल, गेलेल्या कुटुंबांच्या बाळांचं काय, हा विचार त्याने केला आहे का, ते उत्तरातून कळतं.

उमेदवार बाई असेल तर प्रश्न तिलाच विचारावेत आणि उत्तर तिच्याकडूनच घ्यावं. नवरा किंवा दीर पुढे सरसावला तर शांतपणे म्हणावं, “दादा, आम्हाला ताईंचं ऐकायचं आहे.” ती अडखळली तरी चालेल. अडखळत बोललेली बाई पाच वर्षांत पंचायत समितीच्या सभेत ठाम उभी राहू शकते. पण तिला एकदाही बोलू दिलं नाही, तर सह्या तिच्या आणि कारभार दुसऱ्याचा, हे मतदाराला आधीच कळायला हवं.

8. बिनविरोधचं काय?

“भांडण नको, बिनविरोध करू” हे वाक्य ऐकायला गोड असतं. गाव खरोखर एकत्र बसून, बायकांना आणि लहान पाड्यांना विचारून ठरवत असेल, तर त्यात वाईट काही नाही. पण त्याच 2021 च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं. राज्य निवडणूक आयोगाने त्या दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. मंदिराच्या नावाने बोली लागली तरी तो लिलावच असतो. त्यात गरीब माणसाला उभं राहायला जागा उरत नाही.

सगळी चौकशी करून एकही उमेदवार योग्य वाटला नाही, तर यंत्रावर नोटाचं, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण असतं. बिनविरोध निवडीत मात्र मतदानच होत नाही, त्यामुळे ते बटणही मिळत नाही.

9. हे एकट्याने करायचं का?

नाही. एका माणसाने सगळे कागद गोळा करायची गरज नाही. बचत गटातल्या बायकांनी अंगणवाडीची माहिती घ्यावी. शिकलेल्या मुलांनी ई-ग्रामस्वराज पाहावं आणि शपथपत्रं वाचून दाखवावीत. गावातल्या जाणत्यांनी उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच अंगणात बोलवावं आणि सर्वांना तेच पाच प्रश्न विचारावेत. उत्तरं वहीत लिहून ठेवावीत. निवडून आल्यावर तीच वही ग्रामसभेत उघडता येते.

पुढची निवडणूक लागण्याची वाट पाहू नका. येत्या ग्रामसभेला जा, प्रोसिडिंग मागा, एक प्रश्न विचारा. कोंबडी, दारू आणि पाचशेची नोट एका रात्रीत संपते, पण आपण निवडलेला माणूस पाच वर्षं आपल्या विहिरीचा, रस्त्याचा आणि अंगणवाडीतल्या लेकरांच्या ताटाचा निर्णय घेतो. वावर-वांगणीने शंभरावर लेकरं गमावली आहेत. तिथल्या आणि तशा प्रत्येक गावातल्या मतदाराने उमेदवाराला मत देण्याआधी त्याच्या कामाचा हिशेब मागावा, ही कळकळीची विनंती.